अरल समुद्राला लाल फुली

"हल्ली शाईत पाणी घालतात हे लोक."

टेबलाच्या पलीकडून कुरकुर आली. मी मटार सोलत होते. आमचे हे सातवीचं भूगोलाचं पुस्तक नाकाशी धरून बसले होते, इतकं जवळ की बघणाऱ्याला वाटावं वास घेताहेत.

"कुठले लोक?"

"छापणारे गं. बघ ना, कडेला ठळक आणि मध्ये फिकट. मधली ओळच खाल्लीय. आमच्या वेळी पुस्तक कसं काळंभोर असायचं."

त्यांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं. ओळ जागच्या जागी होती, काळीभोर.

"हो ना," मी म्हणाले. "फिकटच आहे."

मग दोघंही आपापल्या कामाला लागलो. त्यांनी पान उलटायचं, मी शेंगा सोलायच्या.

शाईवर राग निघायच्या आधी तो दिव्यावर निघाला होता. दोनदा दिवा बदलला. त्याआधी चष्म्याच्या दांडीवर, शाळेच्या खडूवर, आणि एकदा माझ्यावर, मी टेबलाची जागा हलवली म्हणून. खरी गोष्ट अशी की वर्षापूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून नीट सांगितलं होतं. पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडेचं दिसत राहील, समोरचं जाईल. यावर औषध नाही. वाचण्यालिहिण्याचं काम हळूहळू आटोपतं घ्या.

जिना उतरताना हे मला म्हणाले, "नंबर वाढलाय म्हणे."

मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते. मीही सगळं ऐकलं होतं. तरी म्हणाले, "वाढायचाच. वय झालं."

तेव्हापासून तो नंबर आमच्या घरात लांबच्या पाहुण्यासारखा राहायला आला. लेक फोनवर विचारायची, "बाबांचा नंबर काय म्हणतोय?" मी सांगायची, "आहे, ठीक आहे." त्याच्यापुढे कुणी जायचं नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. तीस वर्षं ज्या माणसाने सहावी-सातवी-आठवीला भूगोल शिकवला, त्याला दोन वर्षं आधी घरी बसवायचं तर कुणीतरी तो शब्द उच्चारायला हवा होता. आम्ही तोंडाला कुलूप घातलं आणि किल्लीही गिळून टाकली.

यांच्या शिकवण्याला पुस्तक तसं लागतच नव्हतं म्हणा. डोंगराच्या समोच्च रेषा शिकवायच्या तर हे मुलांना मूठ वळायला सांगत. मग बोटांच्या उंचवट्यांवर पेनाने गोल काढायचे, गोलाबाहेर गोल, त्याच्या बाहेर आणखी एक. मूठ उघडली की डोंगर सपाट होतो आणि हातावर नकाशा उरतो. त्या आठवड्यात साठ घरांतल्या साठ आया साबण घेऊन हात घासत बसत आणि भूगोलाच्या सरांचा उद्धार करत. एकीने तर मला दुकानात गाठून विचारलं होतं, "अहो, ज्वालामुखी शिकवायचा असेल तेव्हा आधी कळवाल का?"

प्रश्न वह्यांचा होता.

सुरुवात बेरजेपासून झाली. "जरा एवढे गुण मांडून दे गं, डोळे चुरचुरताहेत." मग पुढच्या महिन्यात, "नदीच्या शेजारी नाव बरोबर आहे का तेवढं सांग." मग एक दिवस लाल पेन माझ्याच हातात राहिलं. कुठल्या दिवशी, ते ना त्यांना आठवतं ना मला. माझी शाळा पाचवीत सुटली. पुढचं जे काही डोक्यात गेलं ते यांनी टाकलेल्या पुस्तकांतून आणि परत द्यायच्या राहून गेलेल्या वह्यांतून. सातवीत मी एकदाही बसले नाही, पण सातवी मी तपासायला लागले.

तपासायची यांची एक पद्धत होती. फार पूर्वी यांनी प्रत्येक खंडाचा एक पारदर्शक कागद करून ठेवला होता, स्वतःच्या कॉलेजातल्या ॲटलासवरून गिरवलेला. नद्या, सरोवरं, पर्वत, सगळं काळ्या शाईत. मुलाच्या नकाशावर तो कागद ठेवायचा. खालची खूण वरच्या खुणेला मिळाली की बरोबर, नाही मिळाली की फुली. आमच्या घरात देवापेक्षा त्या कागदांना जास्त जपलेलं. घडी घालायची नाही, गुंडाळी करून पुठ्ठ्याच्या नळीत ठेवायचे. मला तर ते फारच सोयीचे होते. भूगोल आला नाही तरी चालेल, कागद सरळ ठेवता आला म्हणजे झालं. शेरे मी यांच्या अक्षरात लिहायची. यांच्या 'क'ची शेपटी डावीकडे वळते, ती मला महिनाभरात जमली. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचं दुसरं काही उचललं नाही, ती शेपटी तेवढी उचलली.

वह्यांचं ओझं जड, म्हणून पिशवी मीच शाळेत पोचवायची. एकदा अशीच गेले, तर यांचा तास चालू होता. वर्ग व्हरांड्याला लागून, खिडकी उघडी. मी बाजूला उभी राहिले.

भिंतीवर आफ्रिकेचा मोठा नकाशा टांगलेला. हे हातात काठी घेऊन. आवाज नेहमीचा, खणखणीत.

"ही नदी उत्तरेकडे वाहते. सगळ्या नद्यांना उताराची ओढ, हिचा उतार उत्तरेला. कुठे आहे नाईल? ही बघा."

काठी भर समुद्रात टेकली होती.

वर्गात कुणी हसलं नाही. दाराकडच्या बाकांवरून दोघं-तिघं खोकले. काठी जरा दाराकडे सरकली. आणखी एक खोकला. काठी आणखी सरकली, आणि पुढे गेली तशी खिडकीकडच्या बाजूने कुणीतरी घसा खाकरला. काठी मागे आली, नाईलवर थांबली. सगळा वर्ग गप्प. हे पुढे शिकवू लागले.

मी पिशवीचे बंद घट्ट धरून उभी होते. बारा-तेरा वर्षांची पोरं. घरी आईने हाक मारली तर तिसऱ्या हाकेला ओ देणारी. त्या पोरांनी हे आपसात कधी ठरवलं असेल? कुणाच्या डोक्यातून आलं असेल? फक्त मधल्या ओळीतली एक मुलगी खोकत नव्हती. काठीकडे बघत होती, भुवया एकत्र करून, गणित चुकल्यासारखी.

ती कोण ते मला न सांगता कळलं. हिचं नाव यांनी 'प्रश्नपत्रिका' ठेवलं होतं. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, "सर, पृथ्वी एवढी फिरते तर आपल्याला चक्कर का येत नाही?" हे त्या दिवशी घरी आले ते बढती मिळाल्यासारखे. जेवताना तीनदा सांगितलं.

वळले तर मागे मोठ्या बाई उभ्या. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. वयाने आमच्या दोघांपेक्षा लहान, पण खुर्ची मोठी. त्याही खिडकीतून बघत होत्या.

"सर छान शिकवतात," त्या म्हणाल्या.

"हो."

"मुलांचा जीव आहे त्यांच्यावर." मग थोडं थांबून, "हवा बदललीय ना, सातवीला खोकला फार झालाय."

"घरीही म्हणत होते."

त्यांनी माझ्या हातातली पिशवी बघितली. वरच्या वहीतलं लाल अक्षर बघितलं. "मला काही अडचण नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. "वर्ग चालतोय तोवर चालू दे. फक्त कुणा पालकाचं लेखी काही यायला नको. कागदावर आलं की मला बघावं लागेल. आणि मग वर्ग त्यांच्याकडे ठेवता नाही यायचा. तुम्ही समजून घ्या."

"घेतलं," मी म्हणाले. काय ते दोघींनीही विचारलं नाही.

त्या रात्री जेवताना हे म्हणाले, "सातवीला खोकल्याचं औषध द्यायला हवं एकदा." मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. थट्टा होती की काय होतं, मला आजही सांगता येणार नाही.

पुढच्या आठवड्यात आशियाच्या वह्या आल्या. कोरा नकाशा, त्यात दहा समुद्र आणि सरोवरं दाखवायची, दहा गुण. एकेचाळीस वह्या. मोठ्या बाईंचं बोलणं डोक्यात होतं, म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बसले. एकही चूक जाऊ द्यायची नाही, म्हणजे कुणी बोट ठेवणार नाही. आशियाचा कागद नळीतून काढला, वहीवर ठेवला, चारी कोपरे जुळवले. बैकल, बरोबर. कॅस्पियन, बरोबर. अरल, मृत समुद्र, बरोबर, बरोबर. चाळीस वह्यांत अरल समुद्र कागदावरच्या अरल समुद्राखाली झाकून गेला, जसा झाकणाखाली डबा.

एकेचाळिसावी वही प्रश्नपत्रिकेची. तिच्या नकाशात अरलच्या जागी समुद्रच नव्हता. निळ्या पेन्सिलीचे तीन-चार बारके थेंब, आणि त्यांच्याभोवती तुटक रेषेचं एक मोठं रिकामं कडं. खाली सूचीत तिने आपल्या मनाने एक खूण वाढवली होती: 'तुटक रेषा – पूर्वीचा किनारा'.

मी कागद उचलला, परत ठेवला. वर भलामोठा समुद्र, खाली थेंब. मनात म्हटलं, हुशार पोरींना कंटाळा आला की अशा नक्षी सुचतात. फुली मारली. शेजारी यांच्या अक्षरात लिहिलं, 'नकाशा नीट पाहून काढावा.' 'क'ची शेपटी फार छान वळली होती. दहापैकी नऊ.

खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. एवढी प्रश्नपत्रिका, पण माझ्या हातून सुटली नाही.

शनिवारी शाळा अर्धी असते. दुपारी दार वाजलं. दारात ती. दप्तर पोटाशी धरलेलं.

"काकू, सर आहेत?"

आतून यांनी आवाज ओळखला. "कोण, प्रश्नपत्रिका? ये, ये. शाळा सुटल्यावर घरपोच?"

हे खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. ती समोरच्या खुर्चीच्या कडेवर टेकली. मी पाणी दिलं आणि स्वयंपाकघराच्या दारात कपबशा पुसायला घेतल्या. पुसलेल्याच होत्या.

"सर, एक विचारू?"

"एकच? बरं वाटत नाही का तुला?"

ती हसली नाही. दप्तरातून वही काढून तिने पान उघडलं आणि यांच्या हातात दिलं. यांनी वही घेतली, मांडीवर ठेवली, मान हलवली. अगदी सवयीने. मला वाटलं, कुणाला कळायचं नाही.

"काय अडलंय?"

"सर, फुली."

"कुठे?"

"अरलला."

"अरलला कशी फुली? तू तर…" आणि हे मध्येच थांबले.

त्या थांबण्यातच मला कळलं, काहीतरी माझ्या हातून झालंय. यांनी मान माझ्याकडे वळवली. म्हणजे माझ्याकडे नाही, माझ्या जरा बाजूला, पडद्याकडे. हल्ली मला बघायचं असलं की हे माझ्यावरून नजर काढून बाजूला ठेवतात, तेव्हा कुठे मी कडेने दिसते.

"सर, तुम्हीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "तो समुद्र आटला. नद्यांचं पाणी शेतीला वळवलं म्हणून. जहाजं वाळूत उभी आहेत, त्यांच्या सावलीत उंट बसतात. तुम्ही म्हणालात, नकाशे जुने होतात, जमीन होत नाही. बाकीच्यांनी भिंतीवरच्या नकाशातून उतरवलं. मी तुम्ही सांगितलं तसं काढलं."

हे वहीच्या कडा चाचपत राहिले.

"आई म्हणते, ज्याने शिकवलं त्याने ही वही तपासलेली नाही. ती म्हणते, दुसरंच कुणीतरी तपासतं, हा पोरांचा खेळ नाही. तिने मोठ्या बाईंना चिठ्ठी लिहिलीय." तिने दप्तराच्या पुढच्या कप्प्यावर हात ठेवला. "सोमवारी द्यायला सांगितलीय. मी म्हटलं, आधी सरांना विचारते. सर, तुम्हीच तपासलीत ना?"

निवृत्तीपर्यंतची यांची दोन वर्षं त्या कप्प्यात होती, चार घड्या घातलेली.

"मीच तपासली," हे म्हणाले. "दुसरं कोण तपासणार?"

"मग फुली?"

"बरोबर आहे फुली." यांचा आवाज वर्गातलाच होता, खणखणीत, पण आतून पोकळ. "हे बघ, वर्गात सांगतो त्या गोष्टी असतात. उंट, जहाजं, असं. तुमचं लक्ष लागावं म्हणून. परीक्षेत नकाशात जे आहे ते काढायचं. नकाशात समुद्र आहे ना?"

"आहे."

"मग आहे."

"भरलेला?"

यांनी वहीवर हात ठेवला, तळवा पसरून. "भरलेला."

ती बघत राहिली. तिच्या भुवया परत एकत्र आल्या, त्या दिवशी काठीकडे बघताना आल्या होत्या तशा. मग सुटल्या. मोठ्या माणसाने सांगितलं म्हणजे असेल, असं पोरांचं जे तोंड होतं ते झालं, आणि ते तिला शोभत नव्हतं. आतापर्यंत ते तोंड मी तिचं पाहिलंच नव्हतं.

"बरं सर," ती म्हणाली. वही ओढून घेतली, दप्तरातून खोडरबर काढलं, आणि पहिल्यांदा ती तुटक रेषा खोडायला लागली. जोर लावून. खुर्ची करकरत होती.

तीस वर्षांत या माणसाने मुलांना खोटं एक अक्षर शिकवलं नव्हतं. एकदा पाठ्यपुस्तकात शिखराची उंची चुकली होती, तर रविवारी घरोघर जाऊन वह्यांतला आकडा बदलून आले होते. मी त्यावरून किती दिवस चेष्टा केली होती. आता ते खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांच्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर त्या रबराच्या लयीत हलत होती.

मी कपबशी ठेवली आणि बाहेर आले.

"खोडू नकोस गं."

तिचा हात थांबला.

"त्या दिवशी सरांना बरं नव्हतं," मी म्हणाले. "चष्माही दुरुस्तीला गेला होता. घाईत राहून गेलं असेल. माणसाच्या हातून होतं कधी. आईला सांग, सर बघून देतील परत." एवढं एका श्वासात. झाकायची इतकी सवय झाली होती की उघडायला आले तेव्हाही हातात झाकणच होतं.

ती माझ्याकडे बघत होती. "पण काकू, मग बरोबर काय? तो आहे की आटला?"

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मला माहीत नाही. एकेचाळीस वह्या मी तपासल्या होत्या आणि मला माहीत नव्हतं. माझ्याजवळ कागद होता, कागदावर समुद्र होता. एखादा अख्खा समुद्र असा निघून जाऊ शकतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.

मी यांच्याकडे वळले. सातवीच्या पोरीने विचारावं तसंच माझ्या तोंडून आलं, "अहो, खरंच आटला का तो?"

रस्त्यावरून कुणीतरी सायकल ओढत नेत होतं, तिची साखळी वाजत गेली.

"आटला," हे म्हणाले. "मी कॉलेजात असतानाही आटतच होता. ॲटलास त्याच्याही आधीचा. उत्तरेचा एक तुकडा बांध घालून थोडा सावरलाय. बाकी वाळू आणि मीठ." मग मला म्हणाले, "तपासताना त्या जागेला मी कागदाकडे बघायचो नाही. तुला सांगायचं राहिलं."

तुला. पोरीने ते ऐकलं. तिने माझ्याकडे बघितलं, वहीवरच्या लाल अक्षराकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. पण ती प्रश्नपत्रिका असूनही तिने विचारलं नाही. खोडरबर मुठीत धरून बसली. आणि मग काय सुचलं कुणास ठाऊक, ती हळूच खोकली. एकदाच. यांचं तोंड खिडकीकडे होतं, ते तिथून आमच्याकडे वळवायला.

हे वळले.

"नको खोकू, बाळ," ते म्हणाले. "वही तुझी बरोबर आहे. दहापैकी दहा. आईची चिठ्ठी सोमवारी दे, ती पण बरोबर आहे. मी तपासली नाही तुझी वही." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मला दिसत नाही."